बसकरावरचे तीन ठिपके

मनुबाईवर माझा राग आहे आणि तो मी सोडणार नाही. तिने माझं लहानपण शेंगदाण्याच्या चिक्कीवाचून घालवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिचं कौतुक करायला लागले तर ते उपकाराखाली दबून चाललंय असं कुणी म्हणायला नको.

मनुबाई आमच्या मुलींच्या शाळेत बोलावणारी बाई होती. बेळगावात त्या वेळी, म्हणजे छत्तीस सालच्या आसपास, लहान मुली एकट्या शाळेत जात नसत. त्यांना घरून न्यावं लागे, परत पोचवावं लागे, आणि मधल्या रस्त्यात एकही कमी होणार नाही याची खात्री द्यावी लागे. त्या कामाला शाळेने ठेवलेली बाई ती बोलावणारी. सकाळी ती पहिल्या घराशी उभी राहून हाक मारायची, तिथली मुलगी घेऊन दुसऱ्या घराशी जायची, आणि असं करत शाळेच्या दारात पोचेपर्यंत तिच्यामागे चाळीस मुलींची रांग लागलेली असे. पहिलं घर आमचं. त्यामुळे तिची हाक, तिचं बोलणं आणि तिची बोलणी, सगळं सर्वांत आधी माझ्या वाट्याला येई.

बाई मूळची खानापूरकडची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, भाऊ भावकू रानालगतच्या गावात भातशेती करायचा. उंचीने बेताची, आवाज मात्र दोन गल्ल्यांना पुरून उरणारा. अक्षरओळख शून्य. शाळेत बारा वर्षं काढूनही ती शून्यच राहिली, कारण तिच्या मते शाळेत शिकायचं काम मुलींचं होतं आणि ते तिने करणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. पण चाळीस मुलींपैकी कुणाच्या अंगाला काय चालत नाही, हे तिला तोंडपाठ होतं.

दुसरीतल्या शालूने वांगं खाल्लं की ओठ सुजत. चिकोडीहून मामाकडे शिकायला आलेल्या शामूला मिरचीचा खकाणा लागला की धाप लागे, आणि मामाचं दुकान नेमकं मिरच्यांचं. त्या काळात याला कुणी आजार म्हणत नसे. वैद्य म्हणत पित्त, आज्या म्हणत दृष्ट, आणि शिकवणारे म्हणत ढोंग. मनुबाई म्हणायची, “सोसत न्हाय.” तेवढ्या दोन शब्दांत तिचं निदान संपे आणि बंदोबस्त सुरू होई. शामूला ती वर्गात खिडकीजवळ बसवायची आणि तिच्या मामाला सांगून मिरच्यांची पोती माडीवरून खाली हलवायला लावायची. मामाही हलवायचे. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा पोती हलवणं सोपं होतं.

“अंगाला बी आवडनिवड असती,” ती म्हणायची. “तोंडाला आवडलं म्हणजे अंगाला आवडलंच असं न्हाय. तोंड एकटं, अंग केवढं.”

मला शेंगा सोसत नव्हत्या. ओल्या, भाजलेल्या, कुटलेल्या, कुठल्याच नाही. घरच्यांना पत्ता नव्हता. एका शनिवारी मैत्रिणीने दिलेली चिक्कीची वडी मी शाळेतून येताना तोंडात टाकली आणि तोंड मिटून शहाण्यासारखी चालत राहिले. दोन घरं मागे पडली नाहीत तोच मनुबाई वळली.

“वाशे, मान का खाजवायलीस?”

“काही नाही.”

“शेंगा खाल्लीस.”

तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. घरी पोचेपर्यंत अंगभर गांधी उठल्या. मनुबाईने आईला बाजूला सारून आमसुलं भिजवली, त्या पाण्याने मला चोळून काढलं आणि उघडं बसवून ठेवलं. इथवर ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी तिने आमच्या वाटेवरच्या एकूण एक दुकानदाराला सांगितलं, “ह्या वासंतीला शेंगा सोसत न्हाईत. हिला चिक्की दिलासा तर तुमच्या दुकानाम्होरं चाळीस पोरी बसवून पाढे म्हणायला लावीन.” तेव्हापासून मी पैसा पुढे केला तरी दुकानदार माझ्या हातावर लिमलेटची गोळी ठेवत. बेळगावात शेंगांचे ढीग, आणि मी त्यांच्याकडे देवळाबाहेर चपला सांभाळत उभं राहिल्यासारखी बघत मोठी झाले.

आमच्या मोठ्या बाई म्हणजे जयाबाई. पुण्याला ट्रेनिंग झालेल्या, पांढरं स्वच्छ लुगडं, केसाचा केस जागेवर. लहानपणी प्लेगात त्यांची दोन भावंडं एका आठवड्यात गेली होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की कुणी शिंकलं तर बाई खिडकी उघडतात आणि कुणी खाजवलं तर वही उघडतात. त्या वहीत नाव गेलं की मुलीने घरी जायचं आणि अंग स्वच्छ झाल्याशिवाय तोंड दाखवायचं नाही. नियम कडक, पण सगळ्यांना सारखा.

त्या वर्षी दिवाळीनंतर शाळेत उवा आणि खरूज बरोबरच आल्या. जयाबाईंनी फर्मान काढलं: यापुढे कुणी कुणाच्या बसकरावर बसायचं नाही. प्रत्येकीचं स्वतःचं गोणपाटाचं बसकर, शाळेतच ठेवायचं, दर शनिवारी धुवायचं. संक्रांतीपर्यंत चाळीस बसकरं जमली. ती रोज सकाळी अंथरायची आणि संध्याकाळी गोळा करायची हे काम मनुबाईकडे आलं. आता चाळीस सारखी गोणपाटं ओळखायची कशी? शाईने नाव घातलं तर शनिवारी धुऊन जाणार. शिवाय नाव घातलं तरी तिला वाचता येणार नव्हतं, पण हा मुद्दा तिने अर्थातच काढला नाही.

नेमका भावकू संक्रांतीला बहिणीला भेटायला आला आणि रानातून पिशवीभर बिब्बे घेऊन आला. परीट कपड्यांवर न पुसली जाणारी खूण करतात ती याच्याच तेलाने. तापवलेली सुई टोचली की आतून तेल येतं, आणि ते कापडावर टेकवलं की एक वेळ कापड फाटेल पण डाग जाणार नाही. काही माणसांच्या अंगावर हेच तेल उततं, म्हणजे लाल चट्टे, फोड आणि जिवाला नको करणारी खाज. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रानात वाढलेल्या मनुबाईला तर असणारच. पण सगळ्यांचाच असा पक्का समज होता की उततो तो ओला बिब्बा. वाळला की संपला. घरोघरच्या धोतरा-लुगड्यांवर परटाच्या खुणा होत्या, त्याने कुणाचं काय बिघडलं होतं?

“वाळलेला बिब्बा म्हणजे निजलेला पावना,” मनुबाई म्हणाली. “कुणाच्या अध्यात न्हाय, मध्यात न्हाय.”

आणि तिने दोन दिवस बसून चाळीस बसकरांना चाळीस खुणा घातल्या. त्या तिने आपल्या अकलेने शोधल्या होत्या. शामूच्या बसकरावर मिरची. शालूचे वडील बांगड्या विकायचे म्हणून तिला मोठं गोल कडं. नीलाच्या घराला तीन पायऱ्या म्हणून तीन ठिपके. माझ्यावर एक चौकोन होता. तो कशाचा म्हणून विचारलं तर म्हणाली, “चिक्कीची वडी.” अशी ही बाई.

नीला माझ्या शेजारी बसायची. तिचे वडील मारुतीराव यांची लाकडाची वखार होती. खानापूरहून ओंडके यायचे. माणूस वाईट नव्हता, पण लाकडासारखाच सरळ आणि तितकाच टणक. मुलीने शिकावं की नाही यावर घरात दोन वर्षं वाद चालला होता, आणि शेवटी त्यांनी निकाल दिला होता: यंदा चौथी पास झाली तर इंग्रजी शाळेत घालीन, राहिली तर बास, घरी बसून चूल शिकायची. मारुतीरावांनी एकदा शब्द दिला की तो दोन्ही बाजूंनी पाळत. चौथीची परीक्षा घ्यायला शिक्षणखात्याचे डेप्युटी साहेब वर्षातून एकदाच येत, मार्चमधल्या एका शनिवारी. त्या दिवशी जी हजर नाही ती नापास. नीला आमच्या वर्गात सर्वांत हुशार होती. मी दुसरी, हे कुणी विचारलं नसलं तरी सांगते.

फेब्रुवारी सरता सरता उन्हं तापली आणि नीलाच्या पायावर लाल पुरळ उठलं. चार दिवसांनी शालूच्या. दोघी वर्गात पाय घासत बसायच्या. जयाबाईंनी पाहिलं, वही उघडली, दोघींची नावं खरजेत गेली. गंधकाचं मलम देऊन त्यांना घरी पाठवलं.

हे मनुबाईला पटलं नाही. “खरूज बोटांच्या बेचक्यात आधी येती. ह्यास्नी बोटात काय बी न्हाय. हे खाण्यातलं हाय,” ती मला म्हणाली आणि तपासाला लागली. शाळा सुटल्यावर ती नीलाच्या घरी गेली. मी मागे होतेच. नीलाची आई नागुबाई चुलीपुढे बसल्या होत्या. मनुबाईने त्यांना काल जेवायला काय केलं होतं, परवा काय, तेल कुठल्या घाण्याचं, दूध कुणाच्या म्हशीचं, ती म्हैस काय खाते, इथपर्यंत विचारलं. शेवटी लोणच्याची बरणी उघडून नाक आत घातलं.

नागुबाई उठून उभ्या राहिल्या. “मनुआक्का, माझ्या हातचं जेवून दोन पोरं पहिलवान झालीत. माझं लोणचं हुंगायला कोण आलं न्हवतं आजवर.”

“लोणचं चांगलं हाय,” मनुबाई शांतपणे म्हणाली. “हिंग कमी हाय.”

तिथून पुढे आठ दिवस नागुबाई तिच्याशी बोलल्या नाहीत. शालूच्या घरीही तसंच झालं. तपासात मनुबाईच्या हाती दोन घरांचा राग लागला, दुसरं काही नाही. पण घरी बसल्या बसल्या दोघींचे पाय बरे झाले. आठव्या दिवशी जयाबाईंनी तपासून त्यांना वर्गात घेतलं. त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं, आम्ही सगळ्या घामाने डबडबलेल्या. दुसरा दिवस उजाडला आणि दोघींचे पाय पुन्हा फुलले, या खेपेला आधीपेक्षा जास्त. परीक्षा तीन दिवसांवर होती.

जयाबाईंनी मारुतीरावांना पत्र लिहिलं. मुलीला संसर्गाची खरूज आहे, ती पूर्ण बरी झाल्याशिवाय शाळेत पाठवू नये, परीक्षेच्या दिवशीही नाही. पत्र न्यायला अर्थात मनुबाईच. वाचता येत नसलं तरी आत काय आहे ते तिला कळलं होतं. मारुतीरावांनी ते उभ्या उभ्या वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, “बरं. देवाच्याच मनात न्हाय म्हणायचं.” आत नीला रडत होती. तिचं रडणं मोठं नव्हतं, पण मला ते ऐकवेना. मीही रडायला लागले.

मनुबाईने आम्हा दोघींनाही दटावलं, खोबरेल मागून घेतलं आणि नीलाला मागच्या दाराशी उजेडात बसवलं. “पाय लांब कर, तेल लावते,” म्हणत तिने पोटरी हातात घेतली आणि तिचा हात थांबला. पोटरीच्या बाहेरच्या अंगाला, मांडी घालून बसल्यावर जी बाजू जमिनीला टेकते तिथे, चट्टे होते. आजूबाजूला पुरळ पसरलेलं, पण मधले चट्टे तीन. गोल. एका ओळीत. नीलाच्या घराच्या पायऱ्यांइतके.

मनुबाईने ते बोटाने मोजले. मग तेलाची वाटी माझ्या हातात देऊन तरातरा शालूच्या घरी निघाली, मी वाटी घेऊन मागे. शालूच्या पोटरीवर बांगडीएवढं कडं उठलं होतं.

तिथून आम्ही आण्णाप्पा परटाकडे गेलो. तो भट्टीवरचे कपडे काढत होता. मनुबाईने सगळं सांगितलं तसा तो हातातलं काम टाकून कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

“चुना दाबलीस न्हवं वरनं?”

“चुना?”

“खूण केली की वर चुना दाबायचा. मग भट्टी. मग दोन-तीन धुणी झाली की कापड घरला द्यायचं. आन् एवढुशी खूण, ती बी काठाला, अंगाला लागणार न्हाय अशी. तू गोणपाटाव हे एवढालं कडं काढलीस, गार पाण्यात बुचकळलीस आन् वर पोरी बसवलीस. उन्हानं, घामानं ते जागं हुणार न्हाय तर काय हुणार? मला इचारायचंस तरी, आक्का.”

परत येताना मनुबाई सगळा रस्ता गप्प होती, आणि ती गप्प असताना मी तिला पहिल्यांदाच बघत होते. आमच्या दाराशी आल्यावर म्हणाली, “वाशे, चाळीस पोरीस्नी काय सोसत न्हाय ते ठावं हाय म्हणून मिरवत व्हते मी.” मी वाटी तशीच धरून उभी होते.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, शाळा सुटल्यावर ती जयाबाईंच्या खोलीत गेली. मी दाराबाहेर दप्तर आवरण्याच्या निमित्ताने रेंगाळत होते.

“बाई, नीलाला खरूज न्हाय. शालूला बी न्हाय. माझ्या हातनं झालंय.” तिने बिब्ब्याचं, चुन्याचं, ठिपक्यांचं सगळं सांगितलं. एकही गोष्ट वगळली नाही.

जयाबाईंनी ऐकून घेतलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मऊ आवाजात म्हणाल्या, “मनुबाई, तुमची माया मला कळते. नीलाला परीक्षेला बसवावं म्हणून तुम्ही हे अंगावर घेताय. पण वाळलेला बिब्बा बाधत नाही. माझ्या सगळ्या लुगड्यांवर परटाच्या खुणा आहेत. आणि तसं असतं तर चाळीसजणींना झालं असतं.”

“बिब्बा सगळ्यास्नी उतत न्हाय, बाई. एखाद्यालाच उततो.”

“मी एका मुलीसाठी बाकीच्या धोक्यात घालणार नाही,” जयाबाई म्हणाल्या. मग बहुधा मनुबाईचं तोंड बघून त्यांना वाईट वाटलं असावं. “हे बघा, मी एक बसकर नेते. आमच्या शेजारच्या डॉक्टरांना दाखवते. ते म्हणतील तसं.” त्यांनी ढिगातलं वरचं बसकर उचललं, गुंडाळलं, काखेत मारलं आणि त्या भर उन्हात अर्धा मैल चालत घरी गेल्या. डॉक्टर गावाला गेले होते. शुक्रवारीही आले नाहीत.

शनिवारी सकाळी मनुबाई आमच्या दारात आली ती डोळे सुजवून. हाक मारली, पण ती आमच्या घरापुरतीच ऐकू आली. चौथीच्या मुली नटूनथटून निघालेल्या, शाळेला पानांचं तोरण, आणि नीलाच्या तीन पायऱ्या आम्ही न थांबता ओलांडून गेलो. शाळेत पोचलो तर जयाबाई एवढ्या उकाड्यात अंगभर शाल घेऊन दारात उभ्या.

“मनुबाई, जरा आत या.”

खिडकीखाली उभं राहण्यात माझा हात धरणारी शाळेत कुणी नव्हती. मी पाहिलं ते असं: जयाबाईंनी दार लावलं आणि शाल बाजूला केली. उजव्या हाताला, कोपराखाली, जिथे ती गुंडाळी दाबून धरली होती तिथे, लालभडक मिरची उठली होती. देठासकट. आजूबाजूला बारीक पुरळ. काखेतून नेलेलं बसकर शामूचं होतं.

दोघींनी मिरचीकडे पाहिलं. मग जयाबाई म्हणाल्या, “मनुबाई, आपला नियम काय आहे?”

“खाज उठलेलीनं घरी जायचं.”

“मग मी जाऊ?”

“तुमी गेलासा तर दिपोटी सायबास्नी पान-सुपारी कोण देणार?” मनुबाई म्हणाली.

आणि जयाबाई हसल्या. तीन वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. दात चांगले होते. हसता हसता त्यांनी हात खाजवला आणि लगेच मागे लपवला. “मी तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता,” त्या म्हणाल्या. “जा, नीलाला आणा. साहेब अकराला येतायत. मारुतीरावांना सांगा, मी पाठवलंय.”

मनुबाई निघाली, आणि मी कुणाला न विचारता तिच्यामागे. पावणेदहा वाजले असतील. ती इतक्या झपाट्याने चालत होती की मला पळावं लागत होतं.

मारुतीराव वरच्या पायरीवर उभे होते, वखारीत निघालेले. मनुबाईचं पहिलं वाक्य ऐकूनच त्यांनी खिशातून पत्र काढलं. “हे पत्र तीन दिवसांमागचं. पाठवू नका म्हणून. आज म्हणतासा पाठवा. शाळा हाय का बाजार?”

इथे मनुबाईला नुसतं म्हणता आलं असतं की मोठ्या बाईंनी बोलावलंय. मला वाटलं ती तेच म्हणेल. मी तिच्या जागी असते तर तेच म्हणाले असते आणि पुढचं सगळं गिळून टाकलं असतं. ती खालच्या पायरीशी उभी राहिली आणि तिचा आवाज पुन्हा दोन गल्ल्यांना पुरेल एवढा झाला.

“मारुतीअण्णा, बाईंची चूक न्हाय. तुमच्या लेकीच्या पायाव जे उठलंय ते माझ्या हातानं उठलंय. परटाला न इचारता मी बिब्ब्याच्या खुणा घातल्या. बारा वर्सं ह्या गल्लीतल्या सैपाकघरांत जाऊन मी बायकांच्या चुका काढल्या, तुमच्या लोणच्याला बी नाक लावलं, आन् चूक माझ्याच बोटाखाली व्हती. मला काय बोलायचं ते बोला. नोकरीवरनं काढा म्हणून सांगायचं तर सांगा. पर अकराच्या आत बोला, परीक्षा हाय.”

शेजारच्या दोन घरांतल्या बायका दारात आल्या होत्या. नागुबाई आतून येऊन उंबऱ्याशी थांबल्या. त्यांच्यामागे नीला दिसली. तिने वेणी घातली होती, धुतलेला परकर नेसली होती, दप्तर खांद्याला होतं. कुणी बोलावणार नाही हे माहीत असून ती पहाटेपासून तयार होऊन बसली होती. मारुतीरावांनी हातातलं पत्र खाली केलं.

“हे मला सांगा म्हणून बाईंनी सांगितलं व्हतं?” त्यांनी विचारलं.

“न्हाय.”

“न सांगता नेली असतीसा तर मला कळलं असतं?”

“न्हाय कळलं.”

मारुतीरावांनी पत्राची पुन्हा घडी घातली. मग मागे न बघता म्हणाले, “नीले, जा.”

परीक्षेला नीला बसली ती मनुबाईच्या धुतलेल्या लुगड्याच्या घडीवर, पोटऱ्यांना खोबऱ्याचा लेप लावून. वर्गभर खोबऱ्याच्या चटणीसारखा वास सुटला होता. डेप्युटी साहेबांनी गणितं घातली, कविता म्हणायला लावली, नकाशात सह्याद्री दाखवायला सांगितला. नीलाने सगळं धडाधडा सांगितलं. शेवटी साहेब जयाबाईंना म्हणाले, “तुमच्या अहवालात प्रत्येक मुलीला स्वतंत्र बसकर असं आहे. ती कुठे आहेत?”

जयाबाईंना खोटं बोलता येत नसे. “पुरली,” त्या म्हणाल्या. जाळायची म्हणत होत्या, पण धूरही उततो म्हणून मनुबाईने साहेब यायच्या आधीच आण्णाप्पाला बोलावून परसात खड्डा घेतला होता.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, पुढे विचारावं की नाही याचा विचार केला आणि नाही विचारलं. नीला पहिली आली. मी दुसरी.

परीक्षेनंतर जयाबाईंनी एक नवी वही काढली आणि मनुबाईला समोर बसवून तीन दुपारी ती भरली. कुणाला काय सोसत नाही, काय झालं तर काय करायचं, कुणाला हाक मारायची. मनुबाई सांगायची, जयाबाई लिहायच्या, आणि पहिल्या पानावर त्यांनी स्वतःचं नाव घालून पुढे बिब्बा लिहिलं. मी आज त्याच शाळेत शिकवते आणि ती वही वापरते. आता त्या वहीला तीन धाकट्या बहिणी झाल्यात.

जूनमध्ये मारुतीराव नीलाला घेऊन शाळेत आले, दाखला न्यायला. इंग्रजी शाळा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, लष्करी कँपाच्या बाजूला होती. तिथे बोलावणारी बाई नव्हती. मारुतीरावांकडे गाडी होती, गडी होते. ते खुर्चीत बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, “पोरगी पुढं शिकंल. शब्द दिलाय. पर मनुबाई नेणार असतील तर.”

जयाबाई गोंधळल्या. “तुमच्या घरी माणसं आहेत. आणि राग येऊ देऊ नका, पण तिच्या पायांना झालं ते मनुबाईंकडूनच...”

“म्हणूनच,” मारुतीराव म्हणाले. “माझ्या माणसांच्या हातनं काय चुकलं तर ते मला कळायचं न्हाय. हिच्या हातनं चुकलं तर ही दारात येऊन सांगंल.”

मनुबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती. तिने तांब्या खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावून तिथेच रडली, चाळीस मुलींसमोर, आम्हाला रडण्याबद्दल दटावत आलेली ती बाई. मग डोळे पुसून म्हणाली की तिकडची वाट आपल्याला ठाऊक नाही. नीला म्हणाली, विचारत विचारत जाऊ.

त्या वर्षी मनुबाई नीलाला पलीकडे पोचवून मग आमच्याकडे यायची. मी त्याच शाळेत मराठी पाचवीला होते, आणि आम्ही चाळीसजणी रोज पाव तास उशिरा शाळेत शिरत होतो. जयाबाई घड्याळ हातात घेऊन दारात उभ्या असायच्या. उशिराचा शेरा त्यांनी वर्षभरात एकदाही मारला नाही. मनुबाई वळणावर दिसली की त्या एवढंच विचारायच्या, “नीला पोचली ना?”